टाइल नसलेल्या बाथरूमचं सगळं गणित खालच्या उतारात असतं

हल्ली घराचं काम काढलेल्या कोणाशीही बोला, बाथरूमचा विषय निघाला की मोबाईल पुढे येतो आणि त्यात एक रील असतं. एकही टाइल नाही, एकही सांधा नाही, भिंत आणि जमीन एकाच राखाडी किंवा मातकट रंगाची, आणि कोणीतरी स्टीलच्या पात्याने वरचा थर शांतपणे ओढतोय. मग प्रश्न ठरलेले असतात, हे आपल्याकडे टिकतं का, खालच्या मजल्यावर गळणार नाही ना, आणि टाइलच नसेल तर पाणी जाळीकडे जातं कसं?

या सगळ्याचं उत्तर त्या रीलमध्ये नसतं, कारण रील सुरू होतं तेव्हा खरं काम संपलेलं असतं. तो सुंदर थर फक्त दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत जेमतेम एक सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). एवढ्याशा जाडीतून उतार काढता येत नाही, खड्डा भरता येत नाही आणि ओल थांबवता येत नाही. गादीत खळगा असेल तर चादर कितीही ताणून घाला, खळगा दिसणारच, तसंच आहे हे. त्यामुळे शॉवरच्या खालची जमीन कशी तयार करायची हे एकदा नीट समजून घेतलं की बाकीचे प्रश्न आपोआप सोपे होतात.

सीमलेस म्हणजे नेमकं काय लावतात

सांधे नसलेलं फिनिश बरंच जुनं आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांमधला घोटलेला सिमेंटचा कोबा किंवा लाल ऑक्साईडची जमीन आठवा, तेही सीमलेसच, फक्त ते दीड-दोन इंच जाड असायचं आणि तडे जाऊ नयेत म्हणून मोठ्या खोलीत मध्ये काचेच्या नाहीतर पितळेच्या पट्ट्या टाकून त्याचे भाग पाडायचे. मोरोक्कोत चुन्याचा गिलावा दगडाने घासून, त्यावर साबण चोळून हमामच्या भिंती पाणीरोधक करतात, त्याला ताडेलाक्त म्हणतात. साबण आणि चुना यांची रासायनिक क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो, फार हुशारीची पद्धत आहे ती.

आज बाजारात सगळ्यात जास्त मागणी आहे ती मायक्रोसिमेंटला. सिमेंट, अगदी बारीक खनिज पावडर, पॉलिमर आणि रंग यांचं हे मिश्रण. साधारण क्रम असा की आधी प्रायमर, मग कापडासारखी बारीक विणीची जाळी दाबून जाडसर कोट, मग बारीक कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक सीलर, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. पाणी अडवतो तो मुख्यतः हा सीलर, मायक्रोसिमेंट स्वतः नाही, आणि सीलर काही वर्षांनी झिजतो. म्हणूनच गळती थांबवायची जबाबदारी वरच्या फिनिशवर टाकायची नसते, ती खालच्या वॉटरप्रूफिंगची.

उतार किती द्यायचा, आणि मोजायचा कुठून

नेहमीच्या टाइलच्या बाथरूममध्ये मिस्त्री अंदाजे फुटाला एक सूत उतार देतात, म्हणजे साधारण एक टक्का. बाकीच्या बाथरूमला तो चालून जातो. शॉवरच्या जागेला मात्र फुटाला दोन सूत, म्हणजे दोन टक्के धरून चालावं, मीटरला 20 मिलिमीटर. अमेरिकेतल्या प्लंबिंग कोडमध्ये शॉवरच्या जमिनीला फुटाला पाव इंच सांगितलाय, तोही हिशोब तोच.

एवढा का लागतो? सीलर पाणी झटकणारा असतो, पाणी त्याच्यावर पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतं, आणि उतार कमी असला की पृष्ठताणामुळे ते पातळ डबकं जागचं हलतच नाही. टाइलच्या जमिनीवर असं पाणी थोडंफार सांध्यांत मुरतं आणि जाळीदार रेघांमध्ये डोळ्यांना जाणवतही नाही, एकसंध राखाडी जमिनीवर मात्र ताटलीएवढं डबकं लांबून चमकतं, आणि बोअरचं जड पाणी असेल तर ते सुकल्यावर पांढरी कड सोडून जातं.

आता मोजायचं कुठून, इथे बरेच जण चुकतात. तीन फूट बाय चार फुटाचा शॉवर घ्या, म्हणजे 900 बाय 1200 मिलिमीटर, आणि जाळी बरोब्बर मधे. जवळची भिंत 450 मिलिमीटरवर, पण कोपरा 750 मिलिमीटरवर. भिंतींच्या कडेने जमीन एका लेव्हलला ठेवायची असेल, जी दिसायला चांगली दिसते, तर उंची कोपऱ्यावरून काढायची, 750 चे दोन टक्के म्हणजे 15 मिलिमीटर. तीच 15 मिलिमीटर उंची जवळच्या भिंतीकडून पडते तेव्हा तिथला उतार तीन टक्क्यांच्या वर जातो, ते चालतं. उलटं केलं, जवळच्या भिंतीवरून दोन टक्के काढले, तर भिंतीकडची उंची फक्त 9 मिलिमीटर येते आणि कोपऱ्यात उतार सव्वा टक्क्यापेक्षाही कमी राहतो, आणि कोपऱ्यातच पाणी साचतं. म्हणून मिस्त्रीला "दोन टक्के उतार दे" एवढंच सांगून भागत नाही, लांबच्या कोपऱ्यावर भिंतीला पेन्सिलने खूण करून द्या, पाणसळीने ती चारही भिंतींवर फिरवा आणि ठिय्ये (पातळी ठरवायला आधी टाकतात ते मालाचे छोटे ढीग) त्या खुणेवरून मारायला सांगा.

चारही बाजूंनी उतार की एकाच बाजूला

मधे गोल किंवा चौकोनी जाळी असली की जमीन चार तुकड्यांत जाळीकडे झुकते आणि कोपऱ्यांपासून जाळीपर्यंत चार घड्या पडतात. मोठ्या टाइलला हे जमत नाही, ती तिरकी कापावी लागते. मायक्रोसिमेंटला कापायचं काही नाही, म्हणून लोकांना वाटतं की इथे काहीही आकार चालेल. पण पातं सपाट असतं. त्या घडीवरून ते सरळ ओढलं की घडीत माल जास्त भरला जातो, दोन्ही बाजूंना कमी पडतो, आणि पुढे घर्षणाने पहिला झिजतो तो कमी जाडीचा भाग.

त्यामुळे जमत असेल तर माझं मत एका बाजूच्या उताराकडे आहे. भिंतीच्या कडेला लांबट चॅनल ड्रेन, आणि पूर्ण शॉवरची जमीन एकाच सपाट उतारात त्या दिशेला. आपल्या 900 बाय 1200 च्या उदाहरणात चॅनल आखूड भिंतीला लावला तर लांबी 1200, म्हणून समोरच्या टोकाला 24 मिलिमीटर उंची. हे काम लांब पाट्याने ओढून करता येतं, तपासायला सोपं, आणि वरचा थर लावणारा माणूसही एका हाताने सलग पातं फिरवू शकतो.

चॅनल घेताना एक गोष्ट मात्र बघाच. आपल्या नेहमीच्या नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठून राहतं आणि त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही, त्या पाण्याची खोली 50 मिलिमीटर तरी हवी. बाजारातल्या बऱ्याच उथळ चॅनलमध्ये एवढी खोली नसते, आठवडाभर घर बंद राहिलं की पाणी उडतं आणि वास सुरू. चॅनलच्या खाली नेहमीचा ट्रॅप ठेवायचा, हा सरळ उपाय.

खालचा थर: जाडी, माल आणि घोटाई

उतार बनतो तो स्क्रीडमध्ये, म्हणजे सिमेंट-वाळूच्या त्या थरात जो संकनच्या भरावावर टाकतात. संकन म्हणजे बाथरूमखालचा स्लॅबचा खाली घेतलेला भाग, त्यात पाईप जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलक्या ब्लॉकचा भराव असतो. प्रमाण एकास तीन किंवा एकास चार, जाडसर वाळू, आणि पाणी कमी. किती कमी? मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये. माल पातळ केला की टाकायला मजेत जातो पण सुकताना आकसतो, केसासारखे तडे पडतात, आणि तो तडा आज ना उद्या वरच्या तीन मिलिमीटरमधून वर येतो. टाइलखाली तडा असला तर कुणालाच कळत नाही, इथे पूर्ण जमिनीवर तो दिसतो.

यात एक अडचण अशी की स्क्रीड सगळ्यात पातळ कुठे होतो, तर जाळीजवळ, आणि सगळ्यात जास्त पाणीही तिथेच. साधा सिमेंट-वाळूचा थर 25 मिलिमीटरच्या खाली गेला की तो भुगा व्हायला लागतो किंवा सुटतो. म्हणून उंचीचा हिशोब जाळीपासून सुरू करायचा, जाळीजवळ किमान 25, मग त्यात लांबच्या टोकाचे 24 मिळवा, म्हणजे तिकडे जवळपास दोन इंच होतात, वर तीन मिलिमीटर फिनिश, आणि एवढं करून बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खालीच राहिली पाहिजे. हा हिशोब ट्रॅप बसवायच्या आधी केला तर ट्रॅप खाली घेता येतो, नंतर केला तर उंबरा वाढवण्याशिवाय मार्ग राहत नाही. जागा खरंच नसेल तर पॉलिमर घातलेला रिपेअर मॉर्टर वापरतात, तो कमी जाडीत टिकतो, महाग पडतो पण तिथे पर्याय नसतो. आणि जुन्या पृष्ठभागावर नवा थर टाकताना मध्ये लेटेक्स मिसळलेला सिमेंटचा घोळ ब्रशने घासून, तो ओला असतानाच माल टाकायचा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

"पण आमचा मिस्त्री वर सिमेंट शिंपडून आरशासारखं घोटून देतो"

चांगला मिस्त्री असेल तर देतोच, आणि त्याच्या हातातली ती कला मोठी आहे, पण ती कोब्याची जमीन तशीच उघडी ठेवायची असेल तेव्हाची. कोरडं सिमेंट शिंपडून स्टीलच्या गुरमाळ्याने घोटलं की वर सिमेंटची एक कडक पातळ साल तयार होते. त्या सालीचं आकसणं खालच्या थरापेक्षा वेगळं, म्हणून ती बारीक जाळीसारखी फुटते, आणि गुळगुळीत असल्यामुळे प्रायमरला पकडायला काही मिळत नाही. पुढे सीलरसकट मायक्रोसिमेंटचा पापुद्रा निघतो तो बऱ्याचदा इथून. आपल्याला हवं ते बारीक सँडपेपरसारखं खरखरीत, लाकडी फ्लोटने ओढलेलं. घोटून झालंच असेल तर ग्राइंडरने ती साल काढावी लागते, आणि त्यानंतरची धूळ व्हॅक्यूमने, नुसत्या झाडूने नाही, कारण झाडू ती धूळ छिद्रांतच बसवतो.

तपासायचं कसं तर सरळ लांब पट्टी उताराच्या दिशेने ठेवायची, खाली फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि स्क्रीड कडक झाल्यावर एक बादली पाणी लांबच्या टोकाला ओता. ते गेल्यावर जिथे डबकं राहील तिथे खडूने गोल करा आणि तेवढं दुरुस्त करून घ्या, ही दुरुस्ती आज अर्ध्या तासाची आहे, फिनिश झाल्यावर तीच पूर्ण शॉवर फोडायला लावते.

वॉटरप्रूफिंग आणि ती ट्रॅपची कड

गळती जमिनीच्या मधून क्वचित होते. ती होते कोपऱ्यातून, पाईप जिथे स्लॅबमधून जातो तिथून आणि ट्रॅपच्या भोवतालच्या गोल फटीतून. ट्रॅप प्लॅस्टिकचा, भोवती सिमेंट, दोघं कायमचे चिकटत नाहीत. म्हणून ट्रॅपभोवती थोडं खोदून तिथे न आकसणारा ग्राऊट भरायचा, भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे वाटा मारायचा म्हणजे काटकोन मोडून गोलाई द्यायची, मग दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, कोपऱ्यात आणि ट्रॅपभोवती तशीच कापडासारखी जाळी दाबून, दोन हात आडवे-उभे, आणि ते ट्रॅपच्या कडेवरून आत थोडं उतरलेलं. जाळी काचेच्या धाग्याची असेल तर अल्कली सहन करणारीच घ्या, सिमेंट साध्या काचेला हळूहळू खातं. भिंतीवर शॉवरच्या भागात हे कोटिंग डोक्याच्या वरपर्यंत न्यायचं.

"संकनमध्ये बिल्डरने वॉटरप्रूफिंग केलंय की, परत कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. संकनच्या तळाचं वॉटरप्रूफिंग खालच्या शेजाऱ्याला वाचवतं, तुमच्या फिनिशला नाही. पाणी वरून स्क्रीडमध्ये गेलं तर ते भरावात साठून राहतं, मग ओल खालून वर ढकलते, आणि सीलरने तोंड बंद केल्यामुळे ती फोड आणून किंवा लोणा (पांढरा खारट थर) आणून बाहेर पडते. म्हणून दुसरा थर फिनिशच्या लगेच खाली हवाच. फक्त तो थर आणि मायक्रोसिमेंट एकमेकांना चिकटतात का हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या, डांबरी प्रकारच्या कोटिंगवर मायक्रोसिमेंट धरत नाही.

मग पॉन्डिंग टेस्ट, ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, 48 तास तरी, पाण्याच्या पातळीला टेपने खूण करून, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना विनंती करून त्यांचं छत बघायचं. यात संकोच करू नका. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंकमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकावरच येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली कोणाच्यातरी स्वयंपाकघराचं किंवा बाथरूमचं छत असतं.

सगळ्यात अवघड भाग: थांबणं

लोकांना इथे गोंधळायला होतं की आधी सात दिवस पाणी मारा म्हणता आणि मग सुकू द्या म्हणता, नक्की काय? दोन्ही. सिमेंट हवेने सुकून कडक होत नसतं, पाण्याबरोबरच्या क्रियेने ताकद धरतं, म्हणून पहिले सात दिवस ओलं ठेवायचं. त्यानंतर जे जास्तीचं पाणी आत राहतं ते बाहेर पडायला वेळ द्यायचा. चांगल्या कोरड्या हवेत साधारण दिवसाला एक मिलिमीटर जाडी सुकते असा ठोकताळा आहे, म्हणजे 40 मिलिमीटरला सव्वा महिन्याच्या पुढे, आणि त्याहून जाड थर याहीपेक्षा हळू. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हा ठोकताळा विसरून जायचा, हवाच ओली असेल तर पाणी जाणार कुठे. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम सुरू करू नका असं मी प्रत्येकाला सांगते.

सुकलं की नाही हे हात लावून कळत नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट चौकोन चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि रात्रभर, निदान 16 तास ठेवायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद झालेली दिसली तर अजून थांबायचं. कंत्राटदाराकडे ओल मोजायचं मीटर असेल तर बरेच मायक्रोसिमेंटवाले चार टक्क्यांच्या खाली आकडा मागतात. पॉन्डिंगनंतरही पुन्हा सुकू द्यावंच लागतं. पॉलिमर-सिमेंटचं कोटिंग मारताना पृष्ठभाग किंचित ओलसर लागतो हे खरं, पण त्यासाठी वरून पाणी शिंपडतात, आतून भिजलेला स्क्रीड वेगळा आणि तो नको.

बाथरूम एकच असेल तर एवढे दिवस घरच्यांनी करायचं काय, हा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. लवकर कडक होणारे आणि लवकर सुकणारे तयार मॉर्टर मिळतात, काही दिवसांत पुढचं काम करता येतं, खर्च वाढतो. तेही शक्य नसेल तर एक बाथरूमच्या घरात मी टाइलच सुचवीन, ओल्या जमिनीवर सीमलेस करून दुसऱ्या वर्षी फोड बघण्यापेक्षा ते बरं.

जुन्या टाइल्सवरच मारलं तर?

मारता येतं, आणि तोडफोड वाचते, पण तीन अटी. प्रत्येक टाइल ठोकून बघायची, जिचा आवाज पोकळ येतो ती काढून तिथे भरायचं. सांधे भरून सगळं एका पातळीत आणायचं, नाहीतर काही महिन्यांत टाइलची चौकट वर उमटते. आणि टाइलच्या चकचकीत पृष्ठभागावर एपॉक्सी प्रायमर मारून तो ओला असतानाच बारीक क्वार्ट्झ वाळू शिंपडायची म्हणजे पकड मिळते. उतार मात्र जुनाच राहतो. जुन्या जमिनीवर पाणी साचत असेल तर नव्यावरही साचेल. आणि आज खाली गळत असेल तर हा मार्ग विसराच, आधी गळती.

पाय घसरणार नाही का?

गुळगुळीत केलं तर घसरणारच, त्यात उतार आलेला. म्हणून शॉवरच्या जमिनीवर शेवटचा बारीक कोट टाळतात किंवा जाडसर कणांचा पोत ठेवतात, आणि सीलरमध्ये घसरण कमी करणारी बारीक पावडर मिसळतात. अनवाणी ओल्या पायांसाठीची एक जर्मन चाचणी आहे, त्यात अ, ब, क असे चढते तीन वर्ग आहेत आणि शॉवरला मधला वर्ग लागतो, कंपनीला तो विचारा. भिंत आणि जमीन तंतोतंत एकसारखी दिसावी असा हट्ट धरला की नेमकी ही गोष्ट सुटते. घरात वयस्कर माणसं असतील तर जमिनीचा नमुना आधी फूटभर करून घ्या, ओला करून त्यावर अनवाणी उभं राहून बघा, मगच पुढे जा.

आंघोळीनंतर जमिनीवर सुटे थेंब राहिले म्हणून घाबरू नका, सीलर चांगला असल्याची ती खूण आहे, वायपर फिरवा. उताराची चूक म्हणजे डबकं, जे रोज त्याच जागी दिसतं.

सीलरचा शेवटचा हात झाल्यावर साधारण आठवडाभर शॉवर सुरू करायचा नाही, चप्पल नाही, पायपुसणं नाही, बादली घसरवायची नाही. आणि कामवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी समजावून सांगा की इथे टॉयलेटचं ऍसिड चालणार नाही, ते सीलरमधून जिथे आत जातं तिथे सिमेंट खातं, पांढरट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. साधा सौम्य साबण आणि मऊ कपडा पुरतो. सीलरचा कोणता प्रकार वापरलाय त्याचं नाव आणि तारीख कंत्राटदाराकडून लिहून घ्या, कारण काही वर्षांनी पुन्हा हात मारायची वेळ येईल तेव्हा नवीन येणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.